घरी काय सांगितलं

सरांची मारायची एक ठरलेली पद्धत होती. समोर उभ्या केलेल्या मुलाचा उजवा कान ते डाव्या हाताने घट्ट धरायचे आणि उजव्या हाताने दुसऱ्या बाजूला मारायचे. कान धरलेला असल्यामुळे डोकं मागे घ्यायला जागाच उरायची नाही. मार निसटून जात नसे, पूर्ण पोचायचा. आठवीच्या वर्गात माझ्या भावाला त्यांनी असंच मारलं, तेव्हा मी मुलींच्या दुसऱ्या बाकावर बसले होते.

भाऊ माझ्यापेक्षा वर्षाने मोठा. दोघं एकमेकांच्या सोबतीने जातील म्हणून तात्यांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, आम्हाला एकाच वर्षी शाळेत घातलं होतं. दिंडोरी तालुक्यातलं लहानसं गाव आमचं. गावात चौथीपर्यंतची शाळा, पुढे शेजारच्या मोठ्या गावातलं हायस्कूल. त्या दिवशी सर फळ्यावर गणित सोडवत होते आणि शाळेच्या कुंपणाबाहेरून द्राक्षांच्या क्रेटनी भरलेला ट्रॅक्टर चालला होता. त्याचं मागचं चाक खड्ड्यात अडकलं. भाऊ ते पाहत राहिला. एवढंच. सरांनी त्याला पुढे बोलावलं, कान धरला आणि मारलं. पुन्हा मारलं. त्यानंतरच्या फटक्याचा आवाज वेगळा होता, हवा भरलेली कागदी पिशवी फोडल्यासारखा. भाऊ ओरडला नाही. त्याने तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. मग डाव्या कानातून रक्ताची बारीक धार निघाली आणि मानेवरून कॉलरमध्ये उतरली.

सर तेव्हा घाबरले असतील का, असं मी पुष्कळदा मनाशी विचारलं आहे. चेहऱ्यावर तरी काही दिसलं नाही. त्यांनी स्वतःचा रुमाल काढून भाऊच्या कानाला लावला आणि अगदी हळू, मायेनेच म्हणावं अशा आवाजात विचारलं, "घरी काय सांगशील?"

"पडलो, सर."

"कुठं पडलास?"

भाऊला पटकन सुचेना. मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, "विहिरीत, सर!"

वर्ग हसला. सरही हसले. "हां, विहिरीत. शाळा बुडवून पोहायला गेला होता, म्हणायचं." मग ते फळ्याकडे वळले आणि राहिलेलं गणित त्यांनी पूर्ण केलं.

घरी भाऊने तसंच सांगितलं. तात्या गोठ्यात होते. त्यांनी ऐकून घेतलं, कानाचं रक्तही पाहिलं. पण त्यांना कानापेक्षा शाळा मोठी होती. ते स्वतः दुसरीतून सुटले होते. "शाळा बुडवली?" एवढंच म्हणाले आणि खुंटीवरचं दावं काढलं. म्हैस बांधायची जाड दोरी, एका टोकाला गाठ. ते गाठीकडून मारत होते. भाऊ कान झाकून खाली बसला, म्हणून पहिले फटके हातांवर बसले. मग पाठीवर, मग पोटऱ्यांवर. आमची म्हैस दावणीत मागे सरकून उभी राहिली होती. मी ओरडत मधे गेले, "तात्या, विहीर नाय, सर..." आणि तेवढ्यात आईचा हात माझ्या तोंडावर आला. त्या हाताला कोथिंबिरीचा वास होता. दुसऱ्या दिवशीच्या बाजाराच्या जुड्या ती बांधत होती. तिने मला तशीच ओढत चुलीपाशी नेलं.

"सरांचं नाव घ्यायचं नाय."

"अगं पण आई..."

"त्याला कळलं तर तो कोयता घिऊन शाळंत जाईल. वळखत नाय का तू बापाला? मंग बाप तुरुंगात, अन तुमी दोघं घरात. तुला शिकायचंय का नाय?"

बाहेर दोरीचा आवाज चालूच होता. आईने तो बंद होईपर्यंत माझ्या तोंडावरचा हात काढला नाही. तिला सगळं माहीत होतं. भाऊच्या शर्टाच्या खिशातला सरांचा रुमाल तिनेच नंतर धुतला आणि माझ्याकडे दिला, सरांना परत कर म्हणून.

काही दिवसांनी ताप चढला, कानातून पू येऊ लागला, तेव्हा तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. पडदा फाटलाय, डॉक्टर म्हणाले. कसा, तेही विचारलं. "विहिरीत उडी मारली," आई म्हणाली. तात्या शेजारीच उभे होते. डॉक्टरांनी मान हलवली.

त्या दिवसापासून विहीर आमच्या घरात राहायलाच आली. भाऊला हाक ऐकू आली नाही की तात्या म्हणायचे, "विहिरीवाल्या, तुला बोलावतोय!" दहावीला तो गणितात नापास झाला. डाव्या बाजूने काही कळत नव्हतं, आणि सरांच्या तासाला तो फळ्याऐवजी त्यांच्या हातांकडे पाहत बसायचा. तात्या म्हणाले, "ज्याला शाळा बुडवायची सवय, तो काय पास व्हणार!" भाऊ दुसऱ्यांच्या द्राक्षबागांत फवारणीला जाऊ लागला. एकदा डावीकडून मागे येणाऱ्या ट्रॅक्टरचा आवाज त्याला आला नाही आणि चाक पायाच्या चवड्यावरून गेलं. दोन बोटं काढावी लागली. तात्या दवाखान्यात त्याच्या उशाशी बसून रडले. रडता रडताही म्हणाले, "त्या विहिरीनं वाटोळं केलं तुझं."

आणि मी? मी शिकले. हे लिहिताना हात अडतो, पण लिहिलंच पाहिजे, की मला शिकवलं ते सरांनीच. मुलींना ते फार मारत नसत. पट्टी उभी धरून बोटांच्या पेरांवर द्यायचे, तेवढंच. बारावीनंतर तात्या माझ्या लग्नाचं बोलू लागले, तेव्हा सर स्वतः घरी आले, ओट्यावर बसले, चहा घेतला आणि म्हणाले, "हिला मी नाशिकला घालणार आहे. तुम्ही मधे येऊ नका." तात्यांनी हात जोडले. दुसऱ्या दिवशी सर मला आणि आईला घेऊन नाशिकला गेले, कॉलेजचा अर्ज त्यांनी स्वतः भरला, मुलाखतीच्या खोलीबाहेर माझ्याबरोबर उभे राहिले. त्या दिवशी त्यांच्याबद्दल मला जे वाटलं ते खोटं नव्हतं. आजही खोटं नाही. मी आमच्या गावातली पहिली पदवीधर मुलगी. माझ्या पदवीमागे सरांचा हात आहे आणि तोच हात भाऊच्या कानावरही आहे. मला दोन्ही हात वेगळे करता आलेले नाहीत.

ते कॉलेज ख्रिस्ती मंडळींचं. आवारात छोटं प्रार्थनामंदिर, जुनी चिंचेची झाडं, आणि कोणावरही आवाज न चढवणारे फादर प्रिन्सिपल. पहिल्या वर्षी एका प्राध्यापकांनी माझ्या वहीकडे बोट दाखवण्यासाठी हात पुढे केला आणि मी बाकावरच अंग चोरून घेतलं. ते दोन पावलं मागे सरकले. "सॉरी," म्हणाले. शिक्षकाच्या तोंडून हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. पुढे ग्रंथालयशास्त्राची पदवी घेऊन मी तिथल्याच ग्रंथालयात लागले. नाशिक रोडला खोली घेतली. रविवारी गावी जाते.

आमच्या ग्रंथालयात दाराशी एक काचेचं कपाट आहे. त्यात फक्त आमच्या प्राध्यापकांनी लिहिलेली नवी पुस्तकं ठेवतात. नवं पुस्तक आलं की त्यावर दाखल क्रमांक घालून शिक्का मारायचं काम माझं. मी शिक्का मारण्याआधी प्रत्येक पुस्तक वाचते. कोणी सांगितलेलं नाही, पण ज्या घरात पंचांगाशिवाय छापील काही नव्हतं त्या घरातून आल्यावर पुस्तकावर नुसता शिक्का मारणं मला बरं वाटत नाही. बाहेरच्याला वाटेल, प्राध्यापकांची पुस्तकं म्हणजे कोरडं काम. तसं नाही. अर्थशास्त्राच्या सरांचं पुस्तक अंबड-सातपूरच्या कारखान्यांत प्रेस मशीनखाली गेलेल्या बोटांवर आहे. बोट तुटल्यावर कामगाराला आधी काय वाटतं, तर मशीन बंद पडलं, आता सुपरवायझर ओरडेल, असं त्यात एक जण सांगतो. इतिहासाच्या मॅडमचं पुस्तक दुष्काळात आईबाप गेलेल्या मुलांवर आहे. समाजशास्त्राच्या सरांनी बांधाच्या भांडणांवर लिहिलं आहे. त्यात भाऊ भावाच्या डोक्यात फावडं घालतो आणि मग त्याच फावड्याने दोघांची जमीन मोजायला येतो. ती पुस्तकं वाचून मला समजलं, की आमच्या घरात झालं ते फक्त आमच्या घरात झालं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी मानसशास्त्राच्या मॅडमनी शाळेतल्या मारावर पुस्तक लिहायला घेतलं. साध्या सुती साडीतल्या, गळ्यात बारीक क्रॉस, बोलताना समोरच्याच्या हातांकडे पाहणाऱ्या. त्या लोकांना तीनच प्रश्न विचारायच्या. कशाने मारलं? कुठे लागलं? घरी काय सांगितलं? बाकी माणूस बोलेल ते ऐकायचं. मला त्यांनी ग्रंथालयातच, दुपारच्या सुट्टीत विचारलं. पहिल्या दोन प्रश्नांना मी नीट उत्तरं दिली. पट्टी, बोटांची पेरं. तिसरा प्रश्न ऐकला आणि माझ्या कानात ती कागदी पिशवी फुटली. जवळजवळ सरांचेच शब्द होते. मी भाऊचं सगळं सांगितलं.

मॅडम म्हणाल्या, "हे त्याचं आहे. त्याला सांगायचं असेल तर मी येईन. नसेल तर आपण दोघी हे विसरून जाऊ."

भाऊला विचारलं. तो फवारणीच्या टाकीत पाणी भरत होता. टाकी भरली तसा त्याने पाइप बाहेर काढला. मग म्हणाला, "तुझ्या मॅडमला म्हण, उजवीकडं बसा."

मॅडम बागेत आल्या, बांधावर त्याच्या उजव्या बाजूला बसल्या. मी लांब थांबले. त्या दोघांचं बोलणं मी पहिल्यांदा वाचलं ते छापून आल्यावर.

आमच्या कॉलेजची एक रीत आहे. प्राध्यापकाच्या नव्या पुस्तकाचं प्रकाशन असलं की भाषणं थोडकी होतात आणि पुस्तकातलं एक पान मोठ्याने वाचलं जातं. ते लेखकाने वाचायचं नाही. लेखक ज्याला सांगेल त्याने वाचायचं. मॅडमनी मला सांगितलं. पान त्यांनी निवडलं नाही, मला निवडू दिलं. भाऊला मी येण्याचा आग्रह केला. इस्त्रीचा शर्ट घालून तो आला आणि शेवटच्या रांगेत, डोकं जरा वळवून, उजवा कान स्टेजकडे करून बसला. पुस्तकात कोणाचंही नाव नव्हतं. गावाचंही नव्हतं. मी वाचलं:

"ऐकू येत नाही त्याचं मी काही धरून बसलेलो नाही. एक कान गेला तर दुसरा आहे. पण बापाला वाटतं मी शाळा बुडवली. मी एक दिवससुद्धा शाळा बुडवलेली नाही. पायात काटा मोडला तरी मी शाळेत गेलोय. बापाने मला दोरीने मारलं ते शाळा बुडवली म्हणून मारलं. मारलं त्याचंही काही नाही. पण ते खोट्यापायी मारलं."

फादर खाली पाहत होते. नंतर लोक चहा घेताना हळू आवाजात आपापल्या शाळांबद्दल बोलू लागले. एका प्राध्यापकांनी शर्टाची बाही वर करून कोपरावरचा व्रण दाखवला.

बसस्टँडकडे चालताना मी भाऊला विचारलं, "कसं वाटलं?"

"बरं वाचलंस." मग थोड्या वेळाने म्हणाला, "एवढ्या लोकांनी ऐकलं. तात्यांनी नाय ऐकलं."

"मी सांगू त्यांना?"

"तू सांगून काय उपयोग? म्हणतील, भावासाठी बोलती. अन आई तर बोलायचीच नाय." तो थांबला. "सरांनी सांगितलं पायजे. तात्या फक्त सरांचं मानतात."

त्यानंतर महिनाभरातच सरांच्या निवृत्तीचा कार्यक्रम ठरला. माजी विद्यार्थ्यांचा ग्रुप आहे, त्यावर रोज शंभर मेसेज. ट्रॅक्टरवरून मिरवणूक, फेटे, डीजे, जेवण. शिवाय या मेळाव्यांत आता एक खेळ असतोच. जुना वर्ग पुन्हा भरवायचा. घंटा वाजवायची, हजेरी घ्यायची, आणि शेवटी सगळ्या माजी विद्यार्थ्यांनी रांगेत उभं राहून सरांच्या हातची एक एक छडी खायची. त्याला सगळे 'प्रसाद' म्हणतात. पोटं सुटलेले, मुलंबाळं झालेले लोक हात पुढे करतात आणि फोटो काढून घेतात. माझ्याकडे सूत्रसंचालन दिलं होतं. गावातल्या पहिल्या पदवीधर मुलीचे वडील म्हणून तात्यांना पहिल्या रांगेत खुर्ची, टोपी आणि उपरणं.

शाळेच्या मैदानावर मांडव होता. सर गुलाबी फेट्यात बसले होते, खांद्यावर शाल. छडीला झेंडूची माळ गुंडाळली होती. रांग लागली. पुढे पोलिसात असलेला एक जण होता.

"सर, जोरात हाणा! पोरं म्हणतात साहेबाला कोणी हात लावू शकत नाही!"

"कर रे हात सरळ. अजून तसाच वाकडा धरतोस!"

हशा. छडी बसली. साहेबाने हात झटकला, "आई गं! सर, जोर गेला नाही अजून!" पुढे बँकेतली एक बाई होती. "सर, मला हळू, मी आता सासू झाले." पुन्हा हशा. झेंडूच्या पाकळ्या खाली पडत होत्या. मी माइक हातात धरून उभी होते आणि रांगेत भाऊ पुढे पुढे सरकत होता. तो रांगेत उभा राहील असं मला वाटलं नव्हतं.

त्याची पाळी आली. त्याने हात पुढे केला नाही.

"हात कर रे," सर म्हणाले.

भाऊ नुसता उभा.

"अजून हट्टी आहे की हा!" सर लोकांकडे पाहून हसले, छडी काखेत धरली, आणि जुन्या सवयीने त्यांचा डावा हात भाऊच्या उजव्या कानाकडे गेला. लोक टाळ्या वाजवू लागले. भाऊने वाटेतच त्यांचं मनगट पकडलं. फवारणीचा पाइप वर्षानुवर्षं धरलेला हात तो.

"तो नको, सर," भाऊ म्हणाला. "तेवढाच राहिलाय."

टाळ्या लगेच थांबल्या नाहीत. मागच्यांना ऐकू आलं नव्हतं. सर म्हणाले, "सोड रे, दुखतंय."

"घरी काय सांगशील, विचारा ना सर. तवा विचारलं होतं. आज घरचे इथंच हायत."

"कोण तू? कुठल्या बॅचचा?"

त्यांना खरंच आठवत नव्हतं. मी त्यांचा चेहरा पाहिला आहे. माझं आडनाव, माझे मार्क, माझ्या कॉलेजच्या मुलाखतीचा दिवस त्यांना पाठ होता. भाऊ आठवत नव्हता.

तोवर तात्या खुर्चीतून उठून आले होते. त्यांनी भाऊच्या थोबाडीत मारली. पूर्ण ताकदीने, भरल्या मांडवात. भाऊचं डोकं एका बाजूला गेलं, ओठ फुटला, पण मनगट त्याने सोडलं नाही.

"सरांचा हात धरतो? शाळा बुडवून विहिरीत पडला तवाच अक्कल गेली का तुझी?"

माइक माझ्या हातात होता आणि चालू होता. "तात्या," मी म्हणाले, "तो विहिरीत पडला नव्हता. त्या दिवशी तो वर्गात होता." माझाच आवाज शाळेच्या भिंतीवर आपटून माझ्याकडे परत आला.

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. बायकांच्या रांगेत बसलेल्या आईकडे पाहिलं. आई उठून उभी राहिली. डोक्यावरचा पदर सारखा केला.

"शाळंतच व्हता," ती म्हणाली.

"सर?" तात्या म्हणाले. हा एकच शब्द. त्यात त्यांचा सगळा जन्म होता.

भाऊने मनगट सोडलं. सर ते चोळत होते. "अहो, एवढी पोरं हाताखालून गेली," ते म्हणाले. "सगळ्यांनाच मारलं मी. मारलं म्हणून तर उभी आहेत. कोणाला कुठं लागलं, ते कसं लक्षात राहणार?"

तात्यांनी त्यांच्या काखेतली छडी ओढून घेतली. पुढचं फार झपाट्याने झालं. पहिला फटका शालीवर बसला, झेंडू उडाला. दुसरा सरांनी वर केलेल्या हातावर बसला आणि छडी मोडली. तिसरा तात्यांनी मोडक्या तुकड्यानेच मारला. पोलिसातल्या साहेबाने मागून येऊन त्यांचा हात पिरगाळला. त्यांना तोंडावर पाडलं, गुडघा पाठीवर ठेवला. टोपी मातीत गेली. भाऊ साहेबावर तुटून पडला. मग आणखी चौघं भाऊवर. खुर्च्या आडव्या झाल्या. कोणीतरी भाऊच्या बरगडीत लाथ मारत होतं, पुन्हा पुन्हा, अगदी मन लावून. तो आमच्याच वर्गातला होता. "विहिरीत, सर!" म्हणणारा तोच की दुसरा, मला सांगता येणार नाही. आई त्या ढिगाऱ्यात शिरली आणि हाताला येईल त्याला ओरबाडू लागली. मी माइक टाकला. तो खाली पडून किंचाळत राहिला.

शेवटी सरच म्हणाले, "सोडा. सोडा त्यांना. घरी जाऊ द्या." फेटा सुटून त्यांच्या गळ्यात आला होता. डावा हात उजव्या हाताने पोटाशी धरला होता. मी त्यांच्यासमोरून गेले. पाया पडावं असं मला वाटलं, हेही खरंच. पडले नाही.

आम्ही चौघं भाऊच्या ओळखीच्या पिकअपमधून घरी आलो. तात्यांच्या गालाला माती चिकटली होती. ती त्यांनी पुसली नाही.

घरी आई हळद गरम करत होती, तेव्हा माझ्या फोनवर ग्रुपचा मेसेज आला. मी मोठ्याने वाचला. "सरांच्या मनगटाला फ्रॅक्चर. व्यासपीठाच्या पायरीवरून पाय घसरून पडले. कृपया कोणीही अफवा पसरवू नये."

"पडले?" तात्या म्हणाले.

"तसं लिहिलंय."

भाऊ हसला. हसताना बरगडी दुखली म्हणून कण्हला आणि पुन्हा हसला. तात्या मात्र हसले नाहीत. ते ओट्यावरून उठून गोठ्याकडे गेले. म्हैस आता नाही, पण खुंटी आहे आणि खुंटीला दोरीही आहे. ती जुनी दोरी नव्हे, दुसरीच. ती त्यांनी हातात घेतली तेव्हा आई दारात येऊन उभी राहिली. पण ते दोरी घेऊन भाऊजवळ खाली बसले.

"मी मारलं तवा कुठं लागलं व्हतं?"

मॅडमचं पुस्तक तात्यांनी कधी पाहिलेलं नाही. त्यांना वाचताही येत नाही.

भाऊने दोन्ही हात पुढे केले, पालथे. मग पाठ दाखवली. मग पँट वर करून पोटरी. तिथे काहीच दिसत नव्हतं, इतकी वर्षं झाली. तरी तात्या प्रत्येक जागेवर बोट ठेवून विचारत होते, "हितं?" आणि भाऊ म्हणत होता, "हां. अजून जरा खाली."

सगळं झाल्यावर तात्या गुडघ्यांवर उठले, भाऊच्या खांद्याला धरून वाकले आणि त्याच्या कानाशी काहीतरी बोलले. बराच वेळ बोलले. त्यांचे ओठ हलताना मला दिसत होते. मग ते उठून हात धुवायला गेले.

मी भाऊजवळ सरकले. "काय म्हणाले?"

भाऊने डाव्या कानावर हात ठेवला होता.

"ह्या कानात बोलले," तो म्हणाला.

"मग विचार ना पुन्हा."

तो न्हाणीकडे पाहत होता. तिथून पाण्याचा आवाज येत होता.

"नको," तो म्हणाला. "बोलले ना."